मागच्या दाराची बेल

सून तोंडातल्या तोंडात बोलते ही तक्रार जुनी झाली होती. पण कोणाला न विचारता कारखान्याच्या मागच्या दाराची बेल बदलायची, म्हणजे हद्द झाली. आणि बदलून लावली ती तरी कसली? जुनी बेल कशी, काचेच्या पेल्याला चमचा लागावा तशी किणकिणायची. आजची म्हणजे निव्वळ म्हैस. कापडाचा टेम्पो मागे येऊन लागला, टेम्पोवाल्याने बटण दाबलं, आणि छताखालच्या भोंग्यातून एक जाड, ओला हंबरडा निघाला तो फरशीतून खुर्चीच्या पायांत आणि तिथून मोठ्या बाईंच्या पाठीच्या मणक्यात चढला. बाई ताडकन उठल्या. सगळ्यांच्या आधी उठल्या, दारापाशीही पहिल्या त्याच पोचल्या, आणि कडी काढता काढताच त्यांनी ठरवून टाकलं की आज या पोरीचा काय तो निकाल लावायचा.

"बेल कोणी बदलली?" परत येऊन त्यांनी विचारलं.

सून एका मशिनीपाशी वाकून बॉबिन बसवत होती. तिचे ओठ हलले.

"काय?"

"मी बदलली, आई." हे तिने घसा खाली दाबून, पुरुषी आवाजात म्हटलं. हेही अलीकडचंच खूळ. एक तर पुटपुटायचं, नाहीतर असा रेड्यासारखा आवाज काढायचा. मधलं माणसासारखं बोलणं जणू ही माहेरी विसरून आली होती.

"कोणाला विचारून?"

पुन्हा नुसते ओठ.

"जरा तोंड उघडून बोल. का ओठांना टीप मारून घेतलीस?"

मशिनीवाल्या दोघी-तिघी हसल्या. बाईंना हसणं दिसलं. कटिंग मास्तर मध्ये पडले. "जाऊ द्या हो मोठ्या बाई, जुनी बिघडली असेल."

"मास्तर, तुम्ही कापड कापा, माझं बोलणं कापू नका." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "पडद्यांचं आणि बेलचं, दोन्हीचं मिळून संध्याकाळी बोलू. मशिनी थांबल्या की. सगळ्यांसमोर."

पडद्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं. एका हॉटेलचे पडदे शिवून गेले होते, पातळ, चकचकीत कापडाचे, आणि अख्खा गठ्ठा परत आला होता. प्रत्येक शिवणीच्या कडेने धागे ओढले गेलेले, मांजराने नखं मारावीत तसे. सुई बोथट झाली की होतं असं. पातळ कापडाच्या मशिनी सुनेच्या हाताखाली. आणि ही बया त्याच वेळी आजारी आईला बघायला म्हणून माहेरी जाऊन बसली होती. जाताना सुया बदलून गेली नाही. दुसरं काय? बाईंचं ठरलं होतं: संध्याकाळी हिला कारखान्यातून उठवायची आणि वर घरात बसवायची. भाजी चिरत बस म्हणावं, पुटपुट तिथे काय पुटपुटायचं ते. कारखाना बघायला बाई अजून धडधाकट होत्या. त्यांची शाळा चौथीला सुटली होती, पण पुढच्या दाराजवळच्या या लाकडी खुर्चीवर डोळे मिटून बसलं तरी त्यांना कळायचं, कोणत्या मशिनीचं तेल संपलंय, कुठे दोरा तुटायला आलाय, कोणाचं मन आज कामात नाही. बोथट सुई कापडातून जाताना टिकटिक वाजते, नखाने नख उडवल्यासारखी; तेवढ्यावर त्या हॉलच्या या टोकाहून ओरडायच्या, "सुई बदल गं." नवरा गेला, मुलगा माल खपवायला गावोगाव फिरतो, पण या खुर्चीतला कान जाग्यावर होता म्हणून हे छप्पर उभं राहिलं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त अलीकडे कारखाना कसा शांत वाटायचा. मोटारींची घरघर होती तशीच होती, पण वरचं सगळं, टिकटिक, करकर, बायकांची कुजबूज, हे कमी झालं होतं. बाईंनी याचा अर्थ धाक असा लावला होता.

दुपारी त्या पोटमाळ्यावर चढल्या. तिथे नात बसते. घरात तिला सगळे बारकी म्हणतात, बाप्यासारखी उंच झाली तरी. कानांवर दोन वाट्या चढवून, दार लावून, खुंट्याच खुंट्या असलेल्या एका पेटीपुढे ती दिवस काढते. आवाज बनवायला शिकतेय म्हणे. आवाज काय बनवायचा असतो? आवाज होतो. भांडं पडलं की होतो, माणूस पडला की होतो. बाईंनी दार ढकललं आणि पाठीमागून तिच्या कानावरची एक वाटी उचलली.

"ती म्हैस तुझ्या गोठ्यातली ना?"

बारकी दचकली, मग हसली. "आवडली नाही तुला?"

"माझ्या दारात जनावर बांधलंस आणि आवडली का विचारतेस. जुनी किणकिण परत लाव. आत्ताच्या आत्ता."

"जुनी टाकून दिली आईने. पण तशी बनवून देते की. बैस ना आजी, मला पण शिकायचंच आहे बेलचं." तिने स्टूल पुढे सरकवलं. पोटमाळ्याच्या जाळीतून खालचा हॉल दिसत होता, मशिनींच्या रांगा, वाकलेल्या माना, दाराजवळची रिकामी खुर्ची. वरून खुर्ची फार लहान दिसत होती. बाईंनी स्टूल असं लावलं की ती नजरेसमोर राहील.

बारकीने कानांवरच्या वाट्या काढून ठेवल्या आणि पेटीची एक पट्टी दाबली. पेटीशेजारच्या छोट्या भोंग्यातून खरखरीत, सपाट आवाज निघाला, लाकडात करवत अडकावी तसा.

"हा कच्चा. ह्याला करवतीची लाटच म्हणतात. ह्याच्यात सगळं भरलेलं असतं, खालचं, वरचं, जाड, बारीक. आता ह्याच्यातून नको ते कापून टाकायचं, की उरेल तो आपला आवाज."

"म्हणजे बेतायचं."

"अगदी. आणि ही कात्री." तिने एका मोठ्या खुंटीवर बोट ठेवलं. "फिल्टर. ही बंद करत गेलं की वरचा, बारीक भाग आधी कापला जातो. ऐक हं."

पट्टी दाबून धरून ती खुंटी हळूहळू फिरवू लागली. बाई ऐकत होत्या. करवत चाललीच होती. बारकीचं बोट अर्ध्यावर आलं आणि करवत होती तशीच चालली होती, आणि बारकी म्हणाली, "बघ, किती धार गेली. उशीत तोंड घालून बोलल्यासारखं झालं की नाही?"

"हं," बाई म्हणाल्या.

"आता उघडते. हे बघ, हे आलं सगळं परत."

काहीच परत आलं नाही. काही गेलंच नव्हतं. बाईंनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती, तिचे डोळे मोठे झाले होते, समोर खिडकी उघडली आणि उजेड आला असा चेहरा. "परत कर," त्या म्हणाल्या. पोरीने परत केलं. उघडी ते अर्धी, अर्धी ते उघडी. दाराला कडी आहे, कडी हलतेय, पण दार हलत नाही. अर्ध्याच्या पुढे मात्र आवाज खरंच मंद होत गेला, चिखलात गेला, शेवटी भिंतीपलीकडच्या मोटारीसारखा नुसता घुमत राहिला. तेवढं ऐकू आलं. बारकी म्हणत होती उशीत तोंड, ती जागा मात्र बाईंना सापडली नाही; कारण त्या तिथेच राहत होत्या, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते झुरळ झटकावं तसं झटकलं. पेटी बिघडली असेल. हिचं शिक्षण तरी कुठे पुरं झालंय.

"आता बेलचं," बारकी आपल्याच नादात होती. "आवाजाला अंग असतं आजी. कसा चढतो, कुठे टिकतो, आणि बोट उचलल्यावर मागे किती वेळ राहतो. बेल एकदम चढते आणि सावकाश विरते. बोट काढलं तरी राहते ती. ते राहणं नीट जमलं नाही ना, तर बेल मेल्यासारखी वाटते."

बोट काढल्यावर मागे राहणं. बाईंना सासू आठवली. या खुर्चीवर त्यांच्या आधी ती बसायची, आणि तिचे डोळे गेले होते. ते तिने कोणाला सांगितलं नाही. कापड नाकाशी धरून ती म्हणायची, टाका सुबक आहे हो. मशिनीवाल्या मुद्दाम उलट्या बाजूने कापड तिच्या हातात द्यायच्या आणि ती उलट्या बाजूची तारीफ करायची, आणि पदराआड सगळ्या हसायच्या. बाई तेव्हा नवीन सून, कोपऱ्यात बसून काजं करायच्या. त्यांना ते हसू फार ऐकू यायचं. बारीक, दातांतून निघणारं, सुईसारखं. सासू खुर्चीतच मेली. शेवटपर्यंत ताठ बसलेली. तिला नेल्यावर खुर्चीवर बसता बसता बाईंनी मनाशी शपथ घेतली होती, की मी मात्र कोणी हसायच्या आधी उठेन. एवढी एकच शपथ त्यांनी आयुष्यात स्वतःहून घेतली. आणि सकाळी त्या दोघी-तिघी हसल्या होत्या. ओठांना टीप मारल्याच्या विनोदावर हसल्या होत्या, हे नक्की. नक्कीच. पण हसणं दिसलं होतं. वाजलं कुठे होतं?

"ही ऐक," बारकी म्हणाली. "खालच्या भोंग्यावरच सोडते, म्हणजे हॉलमध्ये कशी वाटते ते कळेल. एकदम काचेसारखी केलीय."

तिने पट्टी दाबली.

बाई कान देऊन बसल्या. मोटारींची घरघर येत होती. तेवढ्यात जाळीतून खाली त्यांनी पाहिलं की सगळ्या माना वर झाल्या. सगळ्या, एकदम, वारा आल्यावर गवत वळावं तशा. हात थांबले. एकीने डोळे मिटून तोंड वाकडं केलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवून कानात करंगळी घातली. हॉलमध्ये काहीतरी आलं होतं, लख्ख, टोकदार, प्रत्येकाला टोचून गेलेलं, आणि ते पोटमाळ्यावर येऊन बाईंना सोडून पुढे गेलं होतं. नुसत्या वर झालेल्या माना. मूक. कुठे बघावं ते कळेना. सगळे भोंग्याकडे बघत होते. एक सून तेवढी भोंग्याकडे बघत नव्हती. ती जाळीतून वर, सरळ बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"कशी आहे?" बारकीने विचारलं.

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "पण किणकिण जरा जास्त झाली."

शब्द बाहेर पडले आणि त्यांना स्वतःच्या नाकाशी धरलेलं कापड दिसलं. टाका सुबक आहे हो. खाली सुनेने मान खाली घातली आणि बॉबिनला दोरा गुंडाळू लागली, काही पाहिलंच नाही अशी.

तिला माहीत होतं. कधीपासून? बाईंचं मन मागे धावू लागलं, आणि कुठेही पाय ठेवावा तिथे फरशी हलत होती. ही कोणी न सांगता उठायची, एखाद्या मशिनीपाशी जायची आणि सुई बदलून यायची. बाईंना वाटायचं, पुढे पुढे करते. चहाचा कप देताना आधी खांद्याला हात लावायची. बाईंना वाटायचं, लाडीगोडी. फोन आला की बाईंच्या हातातून आधीच काढून घ्यायची. मागच्या खेपेला टेम्पोवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला आणि बाईंनी हिलाच फाडून खाल्लं, तू मेली होतीस का म्हणून. ती तेव्हा गच्चीवर होती. खाली हॉलमध्ये बाई होत्या. आणि पडदे. ही घरात होती तोवर एकही गठ्ठा परत आला नव्हता. ही गेली, आणि तेवढ्यात सुई बोथट झाली, टिकटिक वाजत राहिली असेल, कितीतरी पडदेभर, आणि खुर्चीत बाई डोळे मिटून, धाकाने शांत झालेला कारखाना ऐकत बसल्या होत्या.

"बारके, ही म्हैस करायला तुला कोणी सांगितलं?"

पोरगी खुंट्यांशी चाळा करू लागली. 

"मी विचारलं काहीतरी."

"आईने."

"काय म्हणाली?"

"जाड आवाज कर म्हणाली. बारीक काही ठेवू नकोस म्हणाली." बारकीचा आवाज लहान झाला होता, बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या, आणि आपण ओठांकडे बघतो आहोत हेही त्यांना आत्ताच कळत होतं. "मी म्हटलं, आजी चिडेल, म्हैस म्हणेल. तर म्हणाली, म्हणू दे. पण तिने उठून दार उघडलं पाहिजे, सगळ्यांच्या आधी."

"आणखी?"

"कोणाला सांगू नकोस म्हणाली. बाबांना पण नाही."

बाईंना राग आला. तो आला याचं त्यांना बरंच वाटलं, कारण राग ओळखीचा होता. ही कोण लागून गेली मला सांभाळणारी? मी हिला उभं राहायला शिकवलं, कापड हातात धरायला शिकवलं, आणि हिने माझ्या पाठीमागे माझ्या घराचा आवाज बदलून टाकला, मला फसवून शहाणी ठेवलं. सासूवर हसणाऱ्या परवडल्या. त्या निदान हसल्या. ही हसलीसुद्धा नाही. हिला आज उठवायचीच. उठवली की हे गुपित तिच्याबरोबर वर जाईल, स्वयंपाकघरात बंद होईल, बारकीला एक दम दिला की झालं. मग खुर्ची राहील. मग सुया बोथट होत राहतील आणि त्यासाठी दर वेळी कोणीतरी दुसरी सापडेल ओरडायला. बाईंनी हे सगळं एका दमात पाहिलं, नुकत्याच बेतलेल्या कापडासारखं, कुठे शिवण येणार ते सगळं.

"परत लाव ती करवत," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"लाव सांगते ना. आणि खुंटी माझ्या हातात दे."

बारकीने पट्टी दाबून धरली. बाईंनी खुंटी धरली, शिवणाऱ्या हाताच्या खरखरीत बोटांनी, आणि पूर्ण उघडीपासून ती तीळ तीळ बंद करत आणली. डोळे मिटून. जिथे पहिल्यांदा काहीतरी कमी झाल्याचं कळलं तिथे त्यांनी बोट थांबवलं आणि डोळे उघडले. खुंटीवरची पांढरी रेघ अर्ध्याच्या खाली गेली होती. बारकी रेघेकडे बघत होती. एवढं उरलंय, बाईंनी पाहिलं. वरचं सगळं कापून गेलंय, आणि कोणी कापलं, कधी कापलं, चिंध्या कुठे पडल्या, काही कळलं नाही.

"पुरे," त्या म्हणाल्या. "बंद कर."

संध्याकाळी मशिनी एकेक करून थांबल्या. घरघर विरत विरत गेली आणि तरी बराच वेळ कानात राहिली. बाई खुर्चीपाशी उभ्या होत्या, बसल्या नव्हत्या. मशिनीवाल्या हात पुसत जमल्या. मास्तर टेबलाला टेकले. वर जाळीशी बारकी दिसत होती. कोणाच्या ओठांवर काय आहे ते बाई एकेकीवरून नजर फिरवून वाचत गेल्या, आणि प्रत्येक मिटलेला ओठ त्यांना हसू दाबलेला वाटला.

सून स्वतःच पुढे आली.

"आई, पडद्यांचं माझंच चुकलं," ती त्या जाड, खालच्या आवाजात म्हणाली. "जाताना सुया बघून जायला हव्या होत्या. बेल पण मी विचारून बदलायला हवी होती."

एकेक शब्द ऐकू आला. बाईंनी पहिल्यांदाच तिच्या गळ्याकडे पाहिलं. शीर ताणली होती, हनुवटी आत ओढलेली, आणि वाक्य संपल्यावर तिने चोरून आवंढा गिळला, दिवसभर ओझं वाहणारा थांबला की खांदा सोडतो तसा. म्हणजे हाही बनवलेला आवाज होता. बारीक भाग कापून टाकलेला, एका माणसापुरता बेतलेला. बाईंना आठवेना हिचा मूळचा आवाज कसा होता. लग्न होऊन आली तेव्हा ही काहीतरी गुणगुणायची, भांडी घासताना. ते कधी थांबलं? का थांबलंच नव्हतं?

सगळे वाट बघत होते. समोर तयार दोष धरलेला होता, अंगरखा धरावा तसा, बाह्या ताणून. नुसता हात घालायचा अवकाश होता. मास्तर घसा खाकरले असावेत, त्यांची छाती हलली. बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड तिथे सासूच्या आणि त्यांच्या हाताने गुळगुळीत झालं होतं. ती त्यांनी उचलली नाही, ढकलली. फरशीवर तिचे पाय घासले आणि सगळ्या बायकांनी तोंडं वाकडी केली, म्हणजे ते करकरलं असावं. खुर्ची सुनेच्या गुडघ्यांना लागून थांबली.

"चूक तुझी आहेच," बाई म्हणाल्या, "पण सुयांची नाही. सुई टिकटिकत राहिली आणि ती मला ऐकू आली नाही. बारीक आवाज मला येत नाहीत, हे मास्तरांपासून सगळ्यांनी एकदाच ऐकून घ्या, पुन्हा सांगणार नाही. तुझी चूक ही, की तुला हे ठाऊक होतं आणि तू माझ्या तोंडावर बोलली नाहीस. मागून बेल बदललीस, स्वतःचा घसा फोडून घेतलास आणि मला शहाणी ठरवत बसलीस. असली दया मला चालत नाही. म्हणून उद्यापासून या खुर्चीवर तू बसायचं, आणि कान उघडे ठेवून बसायचं. मी मागच्या दाराशी बसेन, माल उतरवून घेईन. आणि ती म्हैस तिथेच राहील. तिला कोणी हात लावायचा नाही."